पिशवीला अजून एक खिसा

“गेली. हीपण सुई गेली. पिशवी म्हणायची का गेंडा?”

हे पुटपुटताना बाईंच्या, म्हणजे माझ्या मालकांच्या बायकोच्या, दातांत दोरा होता आणि त्या माझ्यावर इतक्या वाकल्या होत्या की त्यांचा श्वास माझ्या अंगाला लागत होता. मोडलेल्या सुईचं टोक माझ्या कडेत रुतलं होतं. ते त्यांनी नखांनी उपसून काढलं, दुसरी सुई लावली आणि पुन्हा शिवणयंत्रावर पाय चालवायला सुरुवात केली.

मित्रांनो, तो गेंडा म्हणजे मी. मी एक जुनी पिशवी आहे. जन्माने मी केकची पिशवी. चौकोनी, सपाट बुडाची, जाड कापडाची, आत फोम आणि त्यावर चंदेरी अस्तर. केक वितळू नये, कलंडू नये, म्हणून मला अशी दणकट केली होती. एका बेकरीत मी बरीच वर्षं नोकरी केली. वाढदिवसांचे, लग्नांचे, निरोपसमारंभांचे केक मी घरोघर पोहोचवले आणि एकाही केकवरचं फूल मोडू दिलं नाही. कौतुक नेहमी केकचंच व्हायचं. पिशवीचं कौतुक कोण करतो? तरीही मी खूश होते, कारण माझ्या अंगाला कायम व्हॅनिलाचा वास असायचा.

मग माझ्या चेनचे दात पडले. म्हातारपणी माणसाचे पडतात तसे, आधी एक आणि मग सगळे. बेकरीवाल्याने मला भट्टीमागच्या कोपऱ्यात टाकलं. तिथे मैद्याची रिकामी पोती, मोडके ट्रे आणि मी. उंदीर येऊन मला हुंगून जायचे आणि काही न मिळाल्यामुळे नाराज होऊन परत जायचे. मला वाटलं, संपलं आपलं.

तिथून मला उचललं ते माझ्या मालकांनी. ते बेकरीची व्हॅन चालवत. पहाटे पाव भरायचा, दुकानादुकानांत उतरवायचा, हे त्यांचं काम. पण आठवड्यातून एकदा, सुट्टीच्या सकाळी, ते बागेच्या मागच्या माळावर खेळायला जात. तो खेळ तुम्ही कदाचित पाहिला नसेल. त्याला डिस्क गोल्फ म्हणतात. काठी नाही, चेंडू नाही. ताटलीएवढ्या प्लास्टिकच्या चकत्या लांबून फेकायच्या आणि साखळ्या लटकवलेल्या लोखंडी टोपलीत पाडायच्या. कमीत कमी फेकींत जो टोपली गाठेल तो जिंकला. चकत्याही एकसारख्या नसतात. पातळ धारेची लांब जाते, जाड काठाची जवळून टाकायला बरी, आणि मधल्या अंतरासाठी मधली. त्यामुळे जवळ बऱ्याच चकत्या बाळगाव्या लागतात, आणि त्यांच्यासाठी पिशवी लागते.

मालक त्या चकत्या बाजाराच्या जाळीच्या पिशवीत नेत. त्यांचा जोडीदार एक वेल्डर होता. तो विचारायचा, “काय ड्रायव्हरसाहेब, कांदे आणलेत का आज?” एकदा नवराबायको खेळाच्या दुकानात खास पिशवी बघायला गेले होते म्हणे. बाईंनी किमतीची चिठ्ठी उलटून पाहिली आणि हात भाजल्यासारखी सोडून दिली. मग त्या मालकांना म्हणाल्या होत्या की तुम्ही कुठलीही धड कापडाची पिशवी आणा, बाकी मी बघते.

बाई पडदे आणि उशांचे अभ्रे शिवून द्यायच्या. घरात मशीन होतं, तुकड्यांनी भरलेला पत्र्याचा डबा होता आणि कशालाही ‘टाकून दे’ न म्हणण्याची त्यांची सवय होती. त्यांनी मला दोन वेळा धुतलं, उन्हात वाळवलं आणि मग कामाला लागल्या. आत उभे कप्पे केले ते जाहिरातीच्या जुन्या फलकाचे, वर पडद्याचं कापड चढवून. पाठीवर घ्यायला पट्टे लावले ते भंगारातल्या गाडीच्या सीटबेल्टचे. पाण्याच्या बाटलीसाठी लेकीच्या जुन्या जीन्सचा एक पाय कापून शिवला. रुमाल अडकवायला न्हाणीघराच्या पडद्याची कडी. चेनच्या जागी लेकीच्या शाळेच्या बुटांवरचा चिकटपट्टा. त्या पट्ट्यासाठी बुटांशी झटापट करताना लेक म्हणाली, “आई, उद्या मीपण जुनी झाले तर माझं काय बनवशील?” बाई म्हणाल्या, “पायपुसणं.” आणि दोघी हसत सुटल्या.

ते हसू मी जपून ठेवलं आहे. पुढे त्या घरात ते कमी झालं.

माळावर माझा पहिला दिवस मोठा होता. लोक जमले. दुकानातली महागडी पिशवी घेतलेल्या एका तरुणाने मला उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, कुठून घेतली? मालक काहीच न झाल्यासारखं म्हणाले, “घरी केली.” पण त्यांची छाती माझ्या पट्ट्यांखाली फुगली, ते फक्त मला कळलं.

मग कधीतरी ते सुरू झालं. नक्की केव्हा, हे मला सांगता येणार नाही. मालकांचा हात माझ्यात भलत्याच कप्प्यात जायला लागला. जाड काठाची चकती हवी असायची आणि बाहेर यायची पातळ. ते वैतागत. म्हणत की आतलं चंदेरी अस्तर फार चमकतं, डोळ्यांवर येतं. बाईंनी अस्तर उसवलं आणि पांढरं साधं कापड लावलं. मग ते म्हणाले की कप्पे फार जवळजवळ झालेत. बाईंनी कप्पे हलवले. मग म्हणाले की सकाळी उजेडच कमी असतो. उजेडाचं बाई काय करणार? त्यांनी डब्यातून बटणं काढली. लांब जाणाऱ्या चकत्यांच्या कप्प्याला कोटाचं मोठं बटण, मधल्याला सदऱ्याचं छोटं आणि जवळच्याला काहीच नाही. हे त्यांना कुणीही सांगितलं नव्हतं. बटणं लावून झाल्यावर त्यांनी दाराकडे एकदा पाहिलं, डोळे मिटले आणि माझ्यावरून बोटं फिरवत कप्पे ओळखून बघितले.

मित्रांनो, पिशवीला डोळे नसतात. पण हाताचा अर्थ तिला कळतो. त्या दिवशी मला कळलं की बाईंना कळलंय.

मालकांनी विचारलं, ही बटणं कशाला? बाई म्हणाल्या, “पडून होती घरात.”

वेल्डरलाही कळत होतं. पूर्वी चकती झुडपात गेली की तो दिवसभर चिडवायचा. आता मालकांनी चकती फेकली की तो स्वतःच आधी सांगायचा, उजवीकडे गेली, त्या वाकड्या झाडाच्या अलीकडे. जणू स्वतःशीच बोलतोय असं. चिडवणं त्याने कधी सोडलं, ते मालकांच्या लक्षात आलं की नाही कोण जाणे. मला मात्र त्या न मारलेल्या टोमण्यांचं ओझं चकत्यांपेक्षा जास्त वाटायचं.

एकदा मालक मला पाठीवर घेऊन चालताना झाडाच्या मुळाला अडखळले आणि पडले. मूळ चांगलं मनगटाएवढं जाड होतं आणि वाटेतच होतं. सगळे म्हणाले, पिशवी जड झाली आहे. मी जड झाले होते हे खरं, पण पाडलं मी नव्हतं. तरी शिक्षा मलाच झाली. वेल्डरने बाबागाडीची जुनी चाकं आणून मला गाडा करून दिला. वर एक बसायची फळीपण लावली. “दमलात की टेका, वहिनींनापण आणा,” म्हणाला. मग एकदा मालकांनी मला खाली ठेवलं आणि त्यांना मी सापडेना. मी त्यांच्या डावीकडे हाताच्या अंतरावर होते. त्यांनी माझं नाव घेतलं असतं तर मी ओ दिली असती. पण पिशवीला कोण नावाने हाक मारतं? लेकीने ते ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी कामावरून येताना नारंगी चमकती पट्टी आणली, रस्ता खणणाऱ्या लोकांच्या अंगावर असते तसली. बाईंनी ती माझ्या चारही बाजूंना शिवली. त्याच वेळी ती सुई मोडली आणि मला गेंडा म्हणवून घ्यावं लागलं.

आता मी चाकं, फळी, बटणं आणि नारंगी पट्ट्यांची एक विचित्र वस्तू झाले होते. माळावर लोक अजूनही कौतुक करत. पण मालक आता ‘घरी केली’ असं म्हणत नसत.

व्हॅनच्या डाव्या अंगाला पोचे आले होते. मालक म्हणाले, उभ्या गाडीला कुणीतरी ठोकून गेलं. आरसा तुटला, तो वेल्डरने बसवून दिला आणि कसा तुटला ते विचारलं नाही. घर त्या व्हॅनवर चालत होतं. बाईंचे पडदे कधी असायचे, कधी नसायचे. लेक नुकतीच एका औषधांच्या दुकानात लागली होती. मालकांच्या हातातलं स्टिअरिंग सुटलं तर काय, हा विचार त्या घरात प्रत्येकाच्या मनात होता आणि प्रत्येकाला वाटत होतं की तो फक्त आपल्याच मनात आहे. एकदा जेवताना लेक म्हणाली, “बाबा, एकदा डोळे...” आणि बाई पानावरून उठून मशीनवर जाऊन बसल्या. रिकामंच मशीन धडधडा चालवलं. खाली कापडसुद्धा नव्हतं. लेकीचं वाक्य त्या आवाजात तसंच राहिलं. मालक मान खाली घालून जेवत होते.

बाईंना दोष देऊ नका. एखादी गोष्ट बोलली की ती खरी होते आणि शिवत बसलं की थोडे दिवस पुढे ढकलता येते. त्यांना बोलण्यापेक्षा शिवणं चांगलं जमायचं.

माझ्यासारखी सांभाळलेली पिशवी तुम्हाला शोधून सापडणार नाही. माझी एक शिवण उसवली तर तीन माणसं धावायची. मी लाडात राहिले आणि ते लाड मला खुपायचे, कारण ती काळजी माझ्या नावावर आलेली असली तरी माझी नव्हती. म्हणून तुम्हाला एकच सांगते. तुमच्या घरात कुणी सारखं चष्म्याला, चपलेला, पायरीला नाहीतर पिशवीला बोल लावायला लागलं, तर त्या वस्तूला ठिगळ लावायला बसू नका. आधी त्या माणसाजवळ बसा.

ती सकाळ चांगली होती. ऊन स्वच्छ होतं. त्या दिवशी बाई आणि लेकही माळावर आल्या होत्या. खेळ संपला होता. व्हॅन झाडाखाली उभी होती, मी तिच्या मागे, डाव्या आरशात दिसेन अशी, होते आणि बाई माझ्या फळीवर बसून तळव्यातले काटे काढत होत्या. वेल्डर आणि लेक जरा लांब, नळावर हात धूत होते. बाईंना आठवलं की पाण्याची बाटली टोपलीपाशीच राहिली. त्या उठल्या आणि बाटली आणायला गेल्या. मालक दुसऱ्या बाजूने येऊन व्हॅनमध्ये बसले. त्यांनी आरशात पाहिलं. मी शपथेवर सांगते, त्यांनी दोन्ही आरशांत पाहिलं. मग गाडी मागे घेतली.

आधी माझी चाकं गेली. मग फळी मोडली. मग आतल्या चकत्या एकामागून एक तडकल्या, तो आवाज फार वाईट होता. गाडी थांबली. मालक खाली उतरले आणि म्हणाले, “काय आलं मध्ये?”

उन्हात माझ्या नारंगी पट्ट्या चमकत होत्या. तिकडे बाई बाटली हातात घेऊन उभ्या होत्या. मग त्या सावकाश चालत आल्या, माझ्याजवळ मातीत बसल्या आणि चकत्यांचे तुकडे गोळा करायला लागल्या.

वेल्डर धावत आला होता. त्याने चाक उचललं, फिरवून पाहिलं. म्हणाला की दांडा वाकलाय फक्त, उद्या दुसरा लावून देतो, जरा जाड. लेकही म्हणाली की सायकलीचा लाल दिवा मिळतो, तो मागे लावता येईल. बाई मला चाचपत होत्या, कुठे उसवलंय ते बघत.

“पट्टी अजून रुंद लावते,” त्या म्हणाल्या. “मागच्या अंगाला नाहीच दिसत ती. आणि हा कप्पा गेलाय, इथे एक नवा खिसा...”

“तू कुठे होतीस?” मालकांनी विचारलं.

“बाटली आणायला गेले होते.”

“त्याच्या आधी?”

बाई तुकडे वेचत राहिल्या.

“त्याच्या आधी कुठे होतीस गं?”

“इथे,” बाई म्हणाल्या. त्यांचा हात माझ्या मोडक्या फळीवर होता. “बसले होते.”

मालक बाईंसमोर मातीत उकिडवे बसले. व्हॅनची किल्ली अजून त्यांच्या मुठीत होती. ती त्यांनी बाईंच्या ओटीत, चकत्यांच्या तुकड्यांवर ठेवली.

“पिशवीला आता काही लावू नकोस,” ते म्हणाले. “मला दिसत नाही.”