घटिका बुडेपर्यंत

मित्रांनो, मी तांब्याची एक जुनी घटिका आहे. तुमच्यापैकी पुष्कळांनी मला पाहिलेही नसेल. दिसायला मी साध्या वाटीसारखी आहे, पण माझ्या तळाला एक बारीक भोक आहे. मला पाण्याने भरलेल्या घंगाळात ठेवले की त्या भोकातून पाणी हळूहळू आत येते आणि भरले की मी बुडते. मी बुडले म्हणजे एक घटका झाली. भिंतीवरची घड्याळे घरोघर नव्हती तेव्हा लग्नाचा मुहूर्त माझ्यावर पाहत असत.

मला कल्याणातल्या एका तांबटाने घडवले. तांबे ठोकून पातळ करायला त्याला वेळ लागला नाही; वेळ लागला तो भोकाला. थोडे पाडायचे, मला पाण्यात सोडून पाहायचे, पुन्हा थोडे पाडायचे. शेणाळ्याच्या तळ्याजवळ राहणाऱ्या जोशीबुवांनी मला विकत घेतले. पुढे त्यांचा मुलगा त्र्यंबक भिक्षुकी करू लागला आणि मी त्याच्या झोळीत आले.

लग्नघरी माझा मान मोठा असे. घंगाळात सोडण्याआधी मला हळदकुंकू, फूल आणि अक्षता वाहत. मग एक भरवशाचा माणूस माझ्याजवळ बसे. त्याने दुसरीकडे पाहायचे नाही आणि मला हात लावायचा नाही. शेवटची घटिका बुडाली की तो 'भरली' असे म्हणे, आणि मग अंतरपाट दूर होई.

त्र्यंबकाचे दोन जिवाभावाचे मित्र होते, गुरुदत्त आणि भिकाजी. तिघे एकाच आळीत वाढले होते. गुरुदत्ताची धाकटी बहीण उत्तरा हिच्या लग्नात त्र्यंबक मंगलाष्टके म्हणणार होता आणि भिकाजी माझ्याजवळ आतल्या खोलीत बसला होता. वऱ्हाड भिवंडीहून मचव्याने यायचे होते. पण ओहोटी लागली आणि मचवा खाडीच्या चिखलात रुतला. वऱ्हाडी चिखल तुडवत निघाले, तोपर्यंत मुहूर्ताआधीची शेवटची घटका चालू होती आणि मी निम्मी भरले होते.

तेव्हा गुरुदत्त खोलीत आला. त्याने घंगाळात हात घातला आणि माझ्या भोकावर खालून बोट दाबून धरले. भिकाजीने त्याच्याकडे पाहिले. गुरुदत्त हलकेच म्हणाला, "आईला कळू देऊ नकोस." नवरा मुलगा मांडवात उभा राहीपर्यंत ते बोट तसेच होते.

वऱ्हाडात रेल्वेत नोकरी करणारे एक गृहस्थ होते. त्यांच्या खिशात घड्याळ होते. जेवताना ते म्हणाले, मुहूर्त टळून गेला होता. ठपका भिकाजीवर आला. त्याला डुलकी लागली असेल, असे लोक म्हणाले आणि हसले. पण वर्षाच्या आत उत्तराचा नवरा वारला, ती माहेरी परत आली, आणि मग कोणी हसेना. गुरुदत्ताच्या आईने भर आळीत भिकाजीला शिव्याशाप दिले. गुरुदत्त गप्प राहिला. भिकाजीही गप्प राहिला आणि ठाण्याला, नौपाड्यात, बिऱ्हाड करून राहू लागला.

बरीच वर्षे गेली. गुरुदत्ताची आई वारली. भिकाजीची मुलगी सुमती लग्नाची झाली. प्रत्येक स्थळ त्या जुन्या गोष्टीपाशी येऊन अडत होते. अखेर एक चांगले घर तयार झाले. पण मुलाचे काका म्हणाले की, ज्यांच्या घरी ते घडले त्यांनाच आम्ही विचारू. ते दुसऱ्या दिवशी गुरुदत्ताकडे येणार होते.

म्हणून आदल्या दिवशी दुपारी त्र्यंबक भिकाजीला घेऊन गुरुदत्ताच्या घरी गेला. मी झोळीत होते. त्र्यंबकाने घंगाळ मागितले. उत्तराबाईंनी ते पाण्याने भरून आणले, खोलीच्या मध्यभागी ठेवले आणि त्या बाहेर गेल्या. त्र्यंबकाने दार लावून घेतले.

गुरुदत्त म्हणाला, "घटिका कशाला आणलीस? या वयात माझं दुसरं लग्न लावतोस काय?"

"ही बुडेपर्यंत दार उघडायचं नाही," त्र्यंबक म्हणाला आणि त्याने मला पाण्यात सोडले.

तिघे माझ्याभोवती बसले. भिकाजीने शांतपणे सगळे सांगितले: उद्या कोण येणार, काय विचारणार, आणि सुमतीचे हे स्थळ गेले तर पुढे काय होणार. गुरुदत्त जुन्या गोष्टी टाळत राहिला. इतक्या वर्षांनी काय आठवणार, असे तो म्हणाला. मग जरा चिडून म्हणाला, "तू जागा होतास की झोपलेलास, ते मी कसं सांगू?"

"माझ्या शेजारी तूच होतास, गुरू."

पाणी माझ्या काठाशी आले. गुरुदत्त माझ्याकडे एकटक पाहत होता. मी बुडणार इतक्यात त्याचा हात आपोआप पुढे आला. भिकाजीने त्याचे मनगट धरले.

"आत्तासुद्धा?" तो म्हणाला.

मी बुडले. गुरुदत्ताने हात सोडवून घेतला नाही. तो म्हणाला, "मी सांगितलं असतं रे. पण सांगितलं तर तो माझ्या हातानं मेला असं झालं असतं. या बोटानं मी बहिणीचं कुंकू पुसलं, हे आईला कसं सांगणार होतो?"

त्र्यंबकाने दार उघडले. उत्तराबाई उंबऱ्याबाहेरच उभ्या होत्या.

"ते पटकीनं गेले, दादा," त्या म्हणाल्या. "तिकडची अर्धी आळी गेली त्या साथीत. त्या सगळ्यांच्या घटिकांना तूच बोट लावलं होतंस का?"

गुरुदत्ताने मान खाली घातली. उत्तराबाई आत आल्या आणि भिकाजीकडे वळल्या. "तुम्ही तिघं इतकी वर्षं माझ्या नशिबावरून एकमेकांशी मोकळं बोलत नाही. ते गेले तेव्हा तिथं मी होते. मला एकदा तरी कुणी विचारलंत?"

भिकाजीने सरकून त्यांना बसायला जागा केली.

दुसऱ्या दिवशी पाहुणे आले. गुरुदत्ताने बोटाची गोष्टसुद्धा लपवली नाही. मुलाचे काका बराच वेळ सुपारी कातरत राहिले. मग ते म्हणाले की, मित्रासाठी इतकी वर्षे बोल सोसणारा व्याही मिळत असेल तर आम्हाला आणखी काही विचारायचे नाही. सुमतीचे लग्न ठरले. कल्याणात मात्र आता गुरुदत्ताविषयी कुजबुज सुरू झाली. काही घरांनी त्याला कार्याला बोलावणे बंद केले. भिकाजी सवड काढून ठाण्याहून येई आणि सर्वांना दिसेल असा त्याच्या ओटीवर पान खात बसे.

पुढे त्र्यंबकाच्या घरी लंबकाचे घड्याळ आले आणि माझे काम संपले. काही दिवस माझ्यात हळद ठेवत. ती भोकातून गळू लागली तेव्हा मला फडताळात टाकले. आता माझ्या अंगावर हिरवट डाग पडले आहेत.

मित्रांनो, तुमच्या घरात माझ्यासारखी एखादी घटिका असेल तर तिला टाकून देऊ नका. चिंचेने हलक्या हाताने घासा, पण भोकात सुई घालू नका. ते मोठे झाले की आमचे मोल जाते. आणखी एक मागणे आहे. कोणाच्या दुःखाचा दोष दुसऱ्या कोणावर ठेवण्याआधी, ज्याचे दुःख आहे त्याच्याजवळ जाऊन बसा. उत्तराबाईंना पुष्कळ सांगायचे होते. नवऱ्याला पोहता येत असे, तो हसताना डोळे मिटत असे, त्याला आमसुलाचे सार फार आवडे. हे सारे त्या दुपारी, मी घंगाळाच्या तळाशी असताना, त्यांनी पहिल्यांदा सांगितले. आणि तिघे म्हातारे होत आलेले मित्र दार उघडे टाकून ऐकत बसले.