आबांची वाफ

उखर्डू आबांचा श्वास परत आला, तेव्हा घरात सगळ्यांत जास्त आनंद त्यांच्या सुनेला झाला. मयुरी त्याचीच तर वाट बघत होती.

धरणगावच्या जिनिंगमध्ये तीस वर्षं कापसाची धूळ खाऊन आबांची फुप्फुसं कामातून गेली होती. जळगावच्या एका दवाखान्यात नव्या औषधाची चाचणी चालू होती. डोळ्यांना न दिसणाऱ्या कणांत औषध भरायचं आणि वाफेबरोबर थेट फुप्फुसाच्या तळाशी पोचवायचं. मयुरीच्या नवऱ्याने, जितेंद्रने, बापाच्या कागदांवर न वाचताच सह्या ठोकल्या. मयुरीने वाचले. नवव्या पानावर लिहिलं होतं, कणांचं वेष्टण खेकड्याच्या कवचापासून बनवलं आहे.

तिने ते पान कुणाला दाखवलं नाही. महिनाभर रोज सकाळी तिने स्वतःच्या हाताने आबांना दवाखान्याने दिलेला वाफेचा मास्क लावला. गळ्यात तुळशीची माळ घालून भजनात पहिल्या रांगेत बसणारे आबा पुन्हा देवळापर्यंत चालू लागले.

दोन वर्षांपूर्वी तिची तीन वर्षांची लेक, भूमिका, वाळत चालली होती. डॉक्टरांनी रोज एक अंडं द्यायला सांगितलं. आबांनी पहिलंच अंडं अंगणात आपटलं.

"मना घरमा हाई चालाव नही."

"आबा, हाई दवाई शे, खानं नही," म्हणत मयुरीने त्यांचे पाय धरले. आबांनी तिच्याकडूनच ती जागा शेणाने सारवून घेतली. पोर त्या थंडीत गेली.

आज मास्क हातात धरूनच तिने आबांना नववं पान वाचून दाखवलं. सावकाश, एकेक शब्द. आबांचा चेहरा पडला, बोटं माळेवर गेली, छातीत घरघर सुरू झाली. तिला वाटलं होतं, म्हातारा निदान दिवसभर तरी तळमळेल, देवापुढे बसून रडेल.

आबांनी माळ काढून खुंटीला टांगली आणि मास्कसाठी हात पुढे केला.

"हाई दवाई शे," ते खाली बघत म्हणाले, "खानं नही."

मयुरीचं रक्त उकळलं. तिने औषधाच्या सगळ्या बाटल्या अंगणात नेल्या आणि त्याच जागेवर एकेक करून रिकाम्या केल्या. आबा उंबऱ्यावर बसून धापा टाकत बघत राहिले.

मग तिने शेण कालवलं आणि ती जागा नीट सारवून काढली.