आडनावाचा रकाना

"ती बॅग गाडीत येणार असेल तर मी येत नाही," रेणू म्हणाली आणि लिफ्टच्या दारातच उभी राहिली. दार दोनदा तिच्या खांद्याला लागून मागं सरकलं.

निशिगंधाने लॅपटॉपची बॅग पाठीवरून काढून हातात घेतली. जणू हातात घेतल्याने ती लहान दिसणार होती. "असू दे गं नुसती. उघडत नाही मी."

"मागच्या वेळीपण हेच बोललीस."

मागची वेळ म्हणजे तीन शनिवारांपूर्वीची. त्या दिवशी ते हैदराबादेतल्या आपल्या कुकटपल्लीच्या बाहेरसुद्धा पडले नव्हते. ऑफिसातून फोन आला, आणि कुलदीपने पुढच्या वळणावरून गाडी मुकाट परत फिरवली. 

"चल रेणू," कुलदीप आता म्हणाला. "आई नाही उघडणार." सांगितलं त्याने मुलीला, पण बघितलं बायकोकडे.

निशिगंधा वेबसाइट बनवायची. चौदा वर्षं तेच काम. त्याआधी मात्र मलकपेठेतली ही मुलगी दर रविवारी मैत्रिणीबरोबर शहराबाहेरच्या खडकांवर चढायला जायची. कुणीतरी खेळता खेळता रचून विसरून जावेत तसे ते हैदराबादचे धोंडे. त्यांतला एकेक तिला बोटांनी पाठ होता. पुढे नोकरी लागली, पुण्याहून बदलून आलेल्या कुलदीपशी लग्न झालं, रेणू झाली. चढायचे बूट कपाटावर गेले आणि एके दिवशी काढून पाहिले तर त्यांचा रबर बिस्किटासारखा तुटत होता. तेव्हापासून तिने खडकाचा विषय काढला नव्हता. पण रेणूने शाळेतल्या भिंतीवर चढायला सुरुवात केली आणि एका रात्री जेवताना सहज विचारलं, "आई, खऱ्या खडकावर माझा दोर तू धरशील?" निशिगंधाचा घास हातातच राहिला होता. ती हो म्हणाली होती.

गाडी शहराबाहेर शंकरपल्लीच्या रस्त्याला लागली. निशिगंधाच्या डोक्यात काल संध्याकाळ घोळत होती. एका मोठ्या दवाखान्याची वेबसाइट काल सुरू झाली. पेशंटने नाव भरायचं, आधार कार्डाशी ते जुळलं की तपासणीचा नंबर मिळायचा. फॉर्ममध्ये नाव आणि आडनाव असे दोन रकाने, आणि दोन्ही भरल्याशिवाय पान पुढे सरकत नव्हतं. तिने बैठकीत सांगितलं होतं, इथं कितीतरी लोकांना आडनावच नसतं, नुसतं एक नाव असतं, कार्डावरही तेवढंच. तिचा वरिष्ठ किशोर मुंबईचा. तो हसून म्हणाला होता, "आडनाव नाही असं कसं असेल? क्लायंटने दोन रकाने मागितलेत, आपण दोन द्यायचे." तिने बारा दिवसांपूर्वी तेच सगळं मेलमध्ये लिहून पाठवलं. त्यावर उत्तर म्हणून किशोरचा नुसता वर केलेल्या अंगठ्याचा शिक्का आला. शिवाय, शुक्रवारी संध्याकाळी नवीन साइट सुरू करू नका, हेही तिने सांगितलं होतं. तेही कुणी ऐकलं नव्हतं.

खडकापाशी शिल्पा आधीच दोर बांधून उभी होती. कॉलेजातली तिची हीच ती मैत्रीण. आता मुलांना चढायला शिकवायची. केस पांढरे झाले होते, पण दंड तसेच.

"शेवटी उगवलीस!" शिल्पा म्हणाली. "हात दाखव. छे! हे काय, लोण्यासारखे झालेत."

"टायपिंगचे हात आहेत."

"रेणूचा नंबर चौथा. नऊला खडक तापायला लागतो, त्याच्या आत सगळ्यांचं उरकते. तू दोर धरतेयस ना? आठवतंय का, की शिकवू?"

"गप गं," निशिगंधा म्हणाली, आणि खूप दिवसांनी तिला मनापासून हसू आलं.

दोर हातात आला आणि हातांना सगळं आठवलं. तिने रेणूच्या कमरेचा पट्टा आवळला, गाठ दोनदा तपासली. रेणूचे ओठ सुकले होते. खडक दोन मजल्यांइतका उंच होता आणि मध्यावर फुगलेला. तिथून पुढची पकड खालून दिसत नव्हती.

"तिथं डावा पाय आधी टाक," निशिगंधा तिच्या कानाशी म्हणाली. "आणि भीती वाटली तर थांब. मी धरलंय."

"सोडणार नाहीस ना?"

"नाही."

रेणूच्या पुढे अजून एक मुलगा होता. तेवढ्यात फोन वाजला. निशिगंधाने नाव पाहिलं. वडील. हिम्मतराव सहसा सकाळी फोन करत नसत.

"निशी, कुठं हायस?"

"बाहेर आलेय दादा, रेणूला घेऊन. काय झालं?"

"मला काही नाही झालं. यादम्माला घेऊन आलोय दवाखान्यात. तिच्या पोटाची तपासणी लिहून दिलीय ना. तर ते तुझं फोनवरचं भरायलोय, आन् ते आडनाव मागायलंय. पुढं जाऊच देईना."

यादम्मा मलकपेठेच्या घरी वीस वर्षं भांडी घासत होती. निशिगंधाची आई गेली त्या महिन्यात स्वयंपाकही तिनेच केला होता.

"काउंटरवर सांगा ना दादा, हाताने लिहून घ्या म्हणावं."

"सांगितलं की! ते म्हणतात कालपासून सगळं ऑनलाइन. मी माझं आडनाव घातलं, तर कार्डाशी जुळत नाही म्हणून लाल झालं. साडेनवाला नंबर बंद करतात. आज नाही झालं तर पुढच्या शनिवारी या, म्हणालेत." ते थांबले. त्यांचा आवाज खाली आला. "इथं आणखी सात-आठ जण हेच घेऊन बसलेत गं. मी सगळ्यांना मोठ्या तोंडानं सांगितलं, माझ्या लेकीनं बनवलंय म्हणून."

निशिगंधाने घड्याळ पाहिलं. आठ वाजून दहा मिनिटं.

"थांबा तिथंच. करते काहीतरी."

तिने फोन ठेवला तर कुलदीप समोरच उभा होता.  तिने त्याला सांगितलं, भराभर, अर्धं अर्धं.

"दुसरं कुणी नाही का करायला?"

"आहेत. त्यांना समजावून सांगेपर्यंत अकरा वाजतील."

"किती वेळ लागेल?"

"वीस मिनिटं."

"तुझी वीस मिनिटं मला माहीत आहेत निशी." तो रागावला नव्हता. रागावला असता तर बरं झालं असतं. "जा. यादम्माला मी नाही म्हणू शकत नाही. पण रेणूला तू सांग."

रेणूला सांगायची वेळच आली नाही. तिने आईला गाडीकडे जाताना पाहिलं, बॅग काढताना पाहिलं, आणि दोराचं टोक स्वतःच उचलून शिल्पाच्या हातात दिलं.

रेंज फक्त पलीकडच्या कडुनिंबाखाली येत होती. तिथे बसायचं तर खडकाकडे पाठ करून बसावं लागत होतं, नाहीतर उन्हात पडदा दिसत नव्हता. निशिगंधा मुळांवर बसली. पानावरची अट काढणं सोपं होतं, एक ओळ. पण तीच अट आत आणखी दोन ठिकाणी घातलेली होती, आणि कार्डाशी नाव जुळवणारा भाग रिकाम्या आडनावाला चूकच समजत होता. तिने तो पुन्हा लिहायला घेतला. बोटं धावत होती आणि छातीत राग साचत होता. किशोरवर, दवाखान्यावर, त्या अंगठ्याच्या शिक्क्यावर; आणि सगळ्यात जास्त स्वतःवर, कारण बारा दिवसांपूर्वी हे असंच होणार हे तिला माहीत होतं आणि एका मेलपलीकडे तिने काही केलं नव्हतं.

कानात फोन वाजला. किशोर.

"निशी, क्लायंट भडकलाय. तू बघतेयस ना? मला दिसतंय तू सिस्टिममध्ये आत आलीयस. ग्रेट! आणि हे बघ, मी तुला एक मेल लिहून पाठवलाय. तो फक्त तुझ्या नावाने क्लायंटला पाठव."

तिने मेल उघडला. चाचणीच्या वेळी माझ्या नजरचुकीने ही गोष्ट राहून गेली, त्याबद्दल दिलगीर आहे, असा एकूण सूर होता.

"माझी नजरचूक?"

"अगं, फॉर्म तूच बनवलास ना. तुझ्याकडून गेलं की विषय मिटतो. माझ्याकडून गेलं तर वरपर्यंत जाईल. टीमसाठी एवढं कर."

मागे टाळ्या वाजत होत्या. कुणीतरी ओरडत होतं. "एक मिनिट किशोर, आधी हे चढवू दे," ती म्हणाली. तिने नवीन पान वर चढवलं, यादम्मा एवढंच नाव घालून पाहिलं. पान पुढे सरकलं.

मग तिने किशोरचा मजकूर खोडला. बारा दिवसांपूर्वीचा आपला मेल तारखेसकट तिथे डकवला, वर एकच ओळ लिहिली: 'दुरुस्ती केली आहे. हे आधी कळवलं होतं.' आणि पाठवून दिला.

पाच मिनिटांत पुन्हा फोन. "हे काय पाठवलंस तू? क्लायंटला गेलंय ते!"

"माहीत आहे."

"सोमवारी बोलू आपण," किशोर म्हणाला. त्याच्या आवाजातलं हसू गेलं होतं.

"बोलू."

त्यानंतर दादांचा फोन आला. नंबराची चिठ्ठी मिळाली, यादम्माला आत घेतलं. "सगळ्यांचं झालं बघ एकापाठोपाठ. यादम्मा विचारायली, निशिम्मा जेवली का?"  निशिगंधा हो म्हणाली.

ती खडकाकडे परतली तेव्हा शिल्पा दोर गुंडाळत होती. मुलं सावलीत केळी खात होती. रेणूचा पट्टा सुटलेला होता, गुडघा सोलवटला होता आणि चेहरा लाल झाला होता.

"टोकापर्यंत गेली," शिल्पा म्हणाली. "मध्ये अडकली चांगली चार मिनिटं. रडली नाही."

"अजून एकदा—"

"हात लावून बघ."

निशिगंधाने खडकावर हात ठेवला. चटका बसला. ती हात तसाच ठेवून थोडा वेळ उभी राहिली.

परतीच्या वाटेवर रेणूचं तोंड थांबत नव्हतं. डावा पाय आधी टाकला, मग घसरला, मग शिल्पामावशी ओरडली "हल्लू, हल्लू", मग एक भेग सापडली. तिचा राग कुठे गेला होता कोण जाणे. निशिगंधा मागच्या सीटवर तिच्याशेजारी बसून ऐकत होती.

"आणि वरून मी तुला हाक मारली," रेणू म्हणाली. "तू लगेच हात केलास! मला वाटलं होतं तू बघतच नसशील. बघितलंस ना?"

कुलदीपने आरशातून मागे पाहिलं. निशिगंधाला हात केल्याचं आठवत नव्हतं. नुसतं हो म्हटलं असतं तरी भागलं असतं. रेणूचा चेहरा तेवढ्यासाठीच वर झाला होता.

"नाही गं," ती म्हणाली. "मी नाही बघितलं."

"पण तू हात केलास."

"केला असेन. माझं लक्ष नव्हतं रेणू."

 बराच रस्ता गेला. मग रेणूने पुढे वाकून कुलदीपचा फोन घेतला, त्यातला व्हिडिओ शोधला, सुरुवातीला आणला आणि आईच्या हातात दिला. आणि खिडकीकडे तोंड करून बसली.

निशिगंधाने तो पाहिला. सहा मिनिटांचा होता. खडकाच्या फुगवट्याखाली लाल टीशर्ट बराच वेळ जागचा हलत नव्हता. एक पाय थरथरत होता. मग तो पाय उचलला गेला, आणि थोड्या वेळाने रेणू टोकावर उभी होती, मागे नुसतं आभाळ. "आई!" ती ओरडली. कुलदीपने फोन वळवला.

लांब, झाडाखाली, पाठमोरी एक बाई बसली होती. तिचा डावा हात वर झाला, दोनदा हलला आणि खाली आला. मान वळली नाही.

मागून टाळ्या ऐकू येत होत्या. फोन पुन्हा खडकाकडे वळला. रेणू वरून दोन्ही हात हलवत होती.