दर्याचा चिखल

लढाईच्या भीतीनं पूर्वेकडच्या एका बंदराची माती तपासायची प्रयोगशाळा हलवून हिंगोलीच्या जुन्या छावणीतल्या बंगल्यात आणली, तेव्हा सारा बाजार पोट धरून हसला. इथं उन्हाळ्यात घागरभर पाण्याचे वांधे, आणि दर्याचा चिखल आगगाडीत बसून येणार. मदीनाबी तेवढी हसली नाही. तिचा एकुलता एक फकीर त्याच बंदरावर धक्क्याच्या भिंतीचा पाया खणायला गेला होता. म्हणून तर तिनं बंगल्यातली झाडलोट मागून घेतली होती.

तिथल्या मुख्य शंकरसिंग साहेबांनी तिला काम समजावलं होतं. पत्र्याच्या नळ्यांतून चिखल येणार. तो वरून दाबायचा, किती वजनाला बसतो ते पाहायचं. त्यावरून पायाचा खड्डा किती उभा खणायचा ते ठरणार, म्हणजे कड ढासळून मजूर गाडले जाणार नाहीत. चिखलाची ओल जपायची असते, एवढं सांगायचं मात्र साहेबांकडून राहून गेलं. शहाण्या माणसांचं हे असंच असतं.

नळ्या आल्या त्या दिवशी साहेब नांदेडला गेले होते. नळ्यांची तोंडं मेणानं बंद, आत गचगच ओल. मदीनाबीचा जन्म गुलाबचंद शेठच्या हळदीच्या खळ्यावर गेलेला. ओला माल कोठीत ठेवला की बुरशी धरते, हे तिच्या हाडात मुरलं होतं. लेकराच्या पायाखालची माती सडू कशी द्यायची? तिनं मेण खरवडलं, चिखल अलगद काढला आणि हळदीसारखा अंगणात पसरला. दुपारी एकदा पालटलासुद्धा.

साहेब परतले ते अंगण पाहून पायरीवरच थांबले.

"मदीनाबी, हे काय केलंत?"

"वाळवलं, साहेब. ओलं व्हतं, सडलं असतं."

"ओलं होतं तसंच दाबून पाहायचं होतं."

तिनं धावत घागर आणली. "आत्ता भिजवून देते की."

"शिजलेल्या भाताचे पुन्हा तांदूळ होतात का, बाई?"

साहेबांनी तार केली: नमुना बिघडला, नवा येईपर्यंत खणू नका. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं: थांबता येत नाही, अंदाजानं खणायला सुरुवात केली आहे.

"फकीरला बोलवून घ्या, साहेब. माय मेली म्हनून कळवा."

"लढाईचं काम आहे. तेवढ्यासाठीही सोडणार नाहीत."

"मंग ती कड टिकंल का न्हाई, तेवढं तरी सांगा."

साहेबांनी मान खाली घातली. "ते आता कोणालाच सांगता येणार नाही."

मदीनाबी अंगणात जाऊन बसली. एक ढेकूळ उचलून तिनं अंगठ्यानं दाबलं. मग जमिनीवर ठेवून त्यावर गुडघा रोवला, अंगाचा सगळा भार घातला. ढेकूळ फुटलं नाही. फकीरच्या खड्ड्याची कड एवढी घट्ट असती, तर तिला कसलाच घोर नव्हता. पण ही माती इथं उन्हात पडली होती, आणि तो तिकडं ओल्यात खणत होता.