तरंगनाथांची सपाट रेघ

भिलाईतल्या खुर्सीपारच्या समाजमंदिरात त्या दिवशी पाय ठेवायला जागा नव्हती. स्टेजवर गादी, गादीवर तरंगनाथ महाराज, आणि महाराजांपुढे हिरव्या पडद्याचं एक जाडजूड यंत्र. भक्तानं यंत्राच्या वायरीचं टोक चिमटीत धरलं की पडद्यावर नागिणीसारखी लहर उठायची.

"ही आत्म्याची चाल," महाराज सांगायचे. "लहर आहे तोवर प्राण. लहर सपाट झाली की माणूस संपला. आणि ज्याची लहर अशी भरलेली, त्याला औषधाचं विष कशाला?"

दुसऱ्या गावात लोक हसले असते. भिलाईत नाही. आम्ही जन्मभर काटे आणि पडदे पाहून भट्ट्या चालवल्या. देवावर एकवेळ शंका घेऊ, मीटरवर घेणार नाही. स्टील प्लांटमधून रिटायर झालेले भैय्याजी तर पहिल्या रांगेत बसून सगळ्यांना सांगायचे, "माणूस झूट बोलते. मीटर नाही बोलत."

माझे शेजारी देवाजी, रोलिंग मिलमध्ये पस्तीस वर्षं काढलेले, शुगर तीनशेच्या वर. महाराजांनी त्यांची लहर पाहून नव्वद वर्षांचं आयुष्य दिलं आणि इन्सुलिन बंद करवलं. वीस दिवसांत डाव्या पायाची दोन बोटं काळी पडली. बायको मैनाबाई पाय धुताना रडायची, तर हे म्हणायचे, "बोटं कावून पाहतं? लहर पाह्य."

त्यांची मुलगी दिपाली टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात कामाला. घरी हौसेनं अ‍ॅम्प्लिफायर बनवायची. तिनं यंत्र लगेच ओळखलं: भंगारातून उचललेला ऑसिलोस्कोप, विजेची लहर दाखवणारा. तिलाही एक हवा होता, वर्षभर पैसे साठवत होती. मी तिच्यासोबत कुम्हारीला जुन्या सामानाच्या दुकानात गेलो. तिथं महाराजांच्या यंत्राचा जुळा भाऊच बसला होता.

"हेच घे," मी म्हणालो. "वजनदार आहे. टिकन."

"चांगलं आहे, काका. दोन लहरी संगच दाखवते. पण याले प्लग लागते." तिनं तळहातावर मावेल असं एक डबडं उचललं. "हे एकच लहर दाखवते. जास्त जलद सिग्नल तर याले दिसतच नाही. पण बॅटरीवर चालते, अन् किंमत अर्धी. उरलेल्यात बाबाचं इन्सुलिन आणते."

"बॅटरीचं एवढं कौतुक कावून?"

"जिथं वायरच नाही, तिथं न्यायचं आहे."

दुसऱ्या दिवशी तिनं ते डबडं भर सभेत महाराजांच्या पायाशी ठेवलं. "महाराज, हे तुमच्या यंत्राचं पिल्लू. खरं की खोटं, हात लावून सांगा जी." महाराजांनी टोक धरलं. लहर उठली. "यातही मीच आहे," महाराज म्हणाले, आणि भैय्याजींनी तिथल्या तिथं डबड्याला कुंकू लावलं.

मग मी उठलो. माझ्या नावावर कुंडीतलीही माती नाही, तरी म्हणालो, "कुम्हारीच्या पलीकडे माझी दोन एकर पडीक आहे. आश्रमाले देऊन टाकतो. पाहून घ्या." महाराज येतील की नाही ही काळजी नव्हतीच. जीपमध्ये सगळ्यांत आधी तेच बसले. मागून दोन टेम्पो भरून भक्त, त्यांत देवाजीही.

माळावर ना खांब, ना तार, ना घर. दिपालीनं डबड्याचा चिमटा जमिनीत ठोकलेल्या खिळ्याला लावला आणि दुसरं टोक पुढं केलं. "आधी तुमची लहर उठू द्या."

महाराजांनी टोक धरलं. पडद्यावर रेघ. सपाट.

मग मीच गळा काढला. "गेले जी. महाराज गेले."

"अरे, मी बोलतोय ना," महाराज म्हणाले.

भैय्याजींनी पडदा दोनदा पाहिला. "माणूस झूट बोलते," ते हळूच म्हणाले, आणि डोक्यावरची टोपी काढली.

माझ्या पिशवीत सुतळी कशी होती आणि टेम्पोत बांबू कुठून आले, ते विचारू नका. चौघांनी महाराजांना आडवं केलं, बांधलं, खांद्यावर घेतलं. महाराज लाथा झाडत होते, बायका रडत होत्या, आणि एक जण मोबाइलवर व्हिडिओ काढता काढता लाकडं किती लागतील ते विचारत होता. रॉकेलचा डबा दिसला तेव्हा महाराज फुटले.

"इथं वायर नाही रे. घराच्या भिंतीत करंट असतो, त्याची लहर अंग पकडतं, पडदा तीच दाखवतो. आत्मा-बित्मा काही नाही. वांग्याला लावलं तरी उठते."

"उतरवा," दिपाली म्हणाली. "आता जिंदा झाले."

देवाजी काठी टेकून तसेच उभे होते. "मग माह्यी लहर?"

"समाजमंदिरातल्या ट्यूबलाइटची होती, बाबा."

त्याच संध्याकाळी इन्सुलिन सुरू झालं. पाय वाचला. बोटं मात्र डॉक्टरांनी कापली.

भैय्याजींचं खरंच आहे, मीटर खोटं बोलत नाही. पण ते कशाला जोडलंय, काय मोजतंय, जागा बदलली की तेच दाखवतं का, हे विचारा. आणि डॉक्टरांचं औषध कुठल्याही पडद्याच्या भरवशावर सोडू नका. देवाजी आता रोज इंजेक्शनच्या आधी त्या डबड्याचं टोक धरतात आणि लेकीला विचारतात, "हे लहर कोणाची?" एवढं विचारायला शिकण्यासाठी त्यांना दोन बोटं द्यावी लागली. तुम्ही फुकटात विचारा.