पस्तीस विटा, तीन पाचरी

डॉक्टरीणबाईंच्या फाटकावरची कमान मंगळवारी दुपारी पडली. पण ते सोडा. पडलीच नाही असं धरून चला. मीही तीन दिवस तेच केलं.

तर कमान उत्तम उभी होती. पस्तीस विटा, प्रत्येक वीट मामांनी दगडावर घासून एका बाजूला निमुळती केलेली. दोन्ही अंगांना जाळीदार भिंत, ती माझी. कमानीच्या पोटाखाली लाकडी फर्मा आणि फर्म्याखाली तीन पाचरी. विटांमधला माल वाळेपर्यंत सगळा भार त्यांच्यावर. दहाव्या दिवशी पाचरी काढायच्या आणि ज्याने कमान बांधली त्याने तेव्हा तिच्याखाली उभं राहायचं, हा आमच्या घरचा नियम. मामा चाळीस वर्षं उभे राहत आलेत, हाताची घडी घालून, पासपोर्टचा फोटो काढायला आल्यासारखे.

भानगड अशी की, कमानीच्या डाव्या अंगाच्या चार विटा मी बसवल्या होत्या. मामांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. ते सावलीत डोळ्यांत थेंब घालत होते. माझ्या एका हातात थापी, दुसऱ्यात फोन. फोनवर एक माणूस एका बैठकीत एकोणीस केळी खात होता. सोळाव्या केळ्याच्या सुमारास सांध्यांत माल कमी पडला. मला ते कळलं होतं. मी वरून सांधे भरून झाकून टाकलं. बाहेरून सुबक, आतून पोकळ. नातेवाईक माझ्याबद्दलही असंच काहीतरी म्हणतात.

पुढे डोळ्यांसमोर सारखे मामा, हाताची घडी घालून, आणि वर माझ्या चार विटा. म्हणून सहाव्या दिवशी ते जेवायला गेल्यावर मी बाजूला उभा राहून पाचरी ठोकून काढल्या. नुसतं बघायला. कमानीने थोडा विचार केला आणि खाली आली.

डॉक्टरीणबाई दातांच्या. त्यांनी ढिगाकडे पाहून मुळं शाबूत आहेत का, एवढंच विचारलं. मामांनी एक वीट उचलली, डोळ्यांजवळ नेली, खाली ठेवली.

"नजर गेली माझी," ते म्हणाले. मग थापी झटकून, धोतराला पुसून माझ्या हातात दिली. पाचरी तेव्हा माझ्या डब्याच्या पिशवीत होत्या. मी पिशवी घट्ट धरून उभा राहिलो.

त्यानंतर मामा कामावर आले नाहीत. मामी सांगायची, ते घरात भिंतीकडे पाठ करून बसतात. भिंत ओळंब्यात आहे का ते आता सांगता येणार नाही, मग बघायचं कशाला.

चौथ्या दिवशी जेवताना मी तिन्ही पाचरी त्यांच्यासमोर मांडल्या. "मामा, पाचरी मी काढल्या. आणि त्या चार विटा पोकळ होत्या, त्याही माझ्याच."

"आणि गेल्या वर्षी टाकीतलं पाणी कोण प्यायलं होतं?"

हत्ती, असं मी तेव्हा सांगितलं होतं. नळ मीच उघडा ठेवला होता.

"मला बरं वाटावं म्हणून स्वतःवर घेतोयस," मामा म्हणाले. "पोरगा जाणता झाला गं."

मामीने डोळ्यांना पदर लावला आणि मला आणखी वाढलं. मी पुरावा म्हणून केळ्यांचा व्हिडिओ लावला. मामांनी तो शेवटपर्यंत पाहिला आणि म्हणाले, लबाड आहे, शेवटचं केळं अर्धंच खाल्लं, उरलेलं बाहीत सारलं. मी तो सात वेळा पाहिला होता. मला बाही दिसली नव्हती. मी म्हटलं, बघा, नजर शाबूत आहे. त्यावर ते म्हणाले, केळं मोठं असतं रे.

आता मी कमान एकटा बांधतोय. दहाव्या दिवशी पाचरी निघतील तेव्हा तिच्याखाली उभाही मीच राहणार. ढिगातली एकही वीट मामांनी वाकडी घासलेली नव्हती, हे मी रोज घरी सांगतो. रोज माझं कौतुक होतं.

सबब, संबंधितांस नम्र विनंती की, अर्जदारास दोषी म्हणून तात्काळ मान्यता द्यावी. त्याच्या चांगुलपणाबद्दल घरात झालेली चर्चा रद्द समजावी. आणि मामांची नजर मागील मंगळवारपासून अखंड सेवेत धरण्यात यावी. सोबत पाचरी, नग तीन.