जुनी म्हणा, मोडकी म्हणू नका

मी एक जुनी शिलाई मशीन आहे. जुनी म्हणा, मला राग नाही. चाळीस वर्षं होत आली, मग जुनीला जुनी नाही म्हणायचं तर काय म्हणायचं? पण मोडकी म्हणाल तर मी ऐकून घेणार नाही. एका शिकल्यासवरल्या माणसानं मला मोडकी म्हटलं, तेही कागदावर लिहून, तेही परमुलखात धाडून. मित्रांनो, त्या कागदाचं पुढं काय झालं ते सांगायला मी आज बसले आहे.

माझं लोखंड पंजाबात ओतलं. मला जोडलं यवतमाळच्या एका दुकानात, आणि एसटीच्या टपावर बांधून आणलं दारव्हा तालुक्यातल्या या गावात. शकुबाईचं लग्न ठरलं तेव्हा बापानं विचारलं होतं, पोरी, गळ्यात काय घालू? चौथी शिकलेली पोरगी म्हणाली, गळ्यात काही नको, पायाखाली मशीन द्या. अशी मी या घरात आले. नवरीच्या मागं मागं नाही बरं, नवरीच्या बरोबरीनं.

शकुबाईच्या जिभेला धार होती आणि माझ्या सुईला. आमचं जमलं. झबली शिवली, परकर शिवले, शाळेचे गणवेश शिवले. पण आमचं नाव झालं ते ओटीमुळं. ओटी म्हणजे कापूस वेचताना बाया कमरेला बांधतात ती कापडाची झोळी. बोंडातला कापूस काढायचा आणि ओटीत टाकायचा. जुन्या काळी सगळा कापूस एकाच ओटीत जायचा, पांढरा स्वच्छही आणि डागी किडकाही, ज्याला आम्ही कवडी म्हणतो. मग घरी येऊन तो निवडत बसायचं. शकुबाईला हा दुहेरी कारभार पटेना. तिनं ओटीला बाजूनं एक लहान कप्पा लावला, कवडीसाठी. वेचता वेचताच निवड. मी टीप घातली, तिनं कात्री चालवली. तीन-चार गावांच्या बाया ती दोन कप्प्यांची ओटी शिवून न्यायला ओसरीत बसायच्या. ते दिवस आठवले की अजून चाक फिरावंसं वाटतं.

मग तयार कपडे आले. खताच्या पोत्यांच्या ओट्या झाल्या. मला कोपऱ्यात सरकवलं. माझ्यावर गोधड्या आल्या, मिक्सरचा खोका आला, तुटकी छत्री आली. कोणी म्हणालं, भंगारात द्या. शकुबाईनं त्याच्याकडं असं पाहिलं की पुन्हा कोणी तो शब्द काढला नाही. पण तेल घालायला मात्र तीही विसरली. माणसाचं प्रेम असतं, मित्रांनो, पण प्रेमानं गंज जात नाही.

मला उठवलं ते तिच्या नातीनं. अपेक्षा तिचं नाव, घनश्यामची मुलगी. घनश्याम म्हणजे शकुबाईचा एकुलता एक पोरगा. कपाशी, सोयाबीन, तूर करतो. विहिरीला पाणी आहे, घरात खाऊन-पिऊन सुख आहे. अपेक्षानं माझ्यावरचा पसारा काढला, सांध्यांत तेल सोडलं आणि मला अभ्यासाचं टेबल केलं. वाचता वाचता पाय पायडलवर हलत राहायचे. तिचं इंग्रजी माझ्या ठेक्यावर पाठ झालं आहे.

बारा वर्षांची होती तेव्हा तिनं एक वही काढली. ओटी शिवायला येणाऱ्या बाया कमी झाल्या होत्या, पण संपल्या नव्हत्या. ही पोरगी प्रत्येकीची कंबर मोजायची, हाताची लांबी मोजायची, उजवी की डावरी ते लिहायची. चाळीसेक बायांची मापं झाल्यावर तिनं आजीला सांगितलं की आता मोजायचं काम नाही, तीन मापांत साऱ्या जणी बसतात, फक्त डाव्या हाताच्या बाईला कवडीचा कप्पा उलट्या बाजूला हवा. शकुबाईनं वही उलटीपालटी करून पाहिली आणि म्हणाली, "एवढं मले इतक्या वर्सांत काहून नाही सुचलं?" शकुबाईनं हार मानलेली मी तेवढीच एकदा पाहिली.

बारावीच्या वर्षी अपेक्षाला एका दूरच्या कॉलेजाचा ध्यास लागला. तिथं म्हणे गणितही शिकता येतं आणि इतिहासही, दोन्ही एकदम. हजारोंतून थोडीच पोरं घेतात. नुसते मार्क पाहत नाहीत. आधी स्वतःबद्दल निबंध मागतात, मग मुलाखत घेतात. ओसरीवर चर्चा झाली. शेजारचे वामनराव म्हणाले, "डॉक्टर नाही, इंजिनिअर नाही. मंग तिथून पोरगी होऊन काय येते?"

"शिकून येते, भाऊजी," शकुबाई म्हणाली. "तुमच्या पोरासारखी, राजदीपसारखी, नुसती जाऊन नाही येत."

वामनरावांनी चहा संपवला आणि उठले.

निबंधासाठी अपेक्षा दारव्ह्याला मधुसूदन सरांच्या क्लासला जाऊ लागली. सर यवतमाळचे, वकिलांच्या घरातले, इंग्रजी अस्खलित. अपेक्षानं आपला निबंध लिहून नेला होता, ओटीवर आणि त्या वहीवर. सरांनी त्याच्यावर उभी रेघ मारली. पिशवीवर कोणी ॲडमिशन देतं का, म्हणाले. यवतमाळ म्हटलं की त्या लोकांना रडायला काहीतरी लागतं, ते द्यायचं. तुझाच निबंध थोडा सुधारून देतो, असं सांगून शेवटच्या दिवशी त्यांनी स्वतःच्या कॉम्प्युटरवरून तो पाठवूनही दिला.

काय सुधारलं ते पोरीला घरी येऊन फोनवर वाचल्यावर कळलं. माझ्यापाशी बसून ती पुटपुटत, मराठी करत वाचत होती, म्हणून मलाही कळलं. मला वाचता येत नाही, पण कान शाबूत आहेत. त्यात लिहिलं होतं की या मुलीच्या वडिलांनी नापिकीला कंटाळून जीव दिला. आजी एका मोडक्या मशीनवर रक्ताळलेल्या पायांनी कपडे शिवून घर चालवते. पोरीला वही घ्यायलाही मिळत नाही.

मित्रांनो, मी संतापानं थरथरले असते, पण माझ्या नशिबी पाय दुसऱ्याचा. ज्या घरांत खरंच तसं झालं त्यांचं दुःख मी पाहिलं आहे. त्या बायांची लुगडी मी सांधली आहेत. त्यांचं दुःख उचलून दुसऱ्याच्या दारात मांडायचा या मास्तराला कोणी हक्क दिला? आणि घनश्याम तर तेव्हा मागच्या अंगणात बैलाला पेंड घालत होता, गुणगुणत.

अपेक्षा भ्याली. कोणाला बोलली नाही. आणि आठ-दहा दिवसांत निरोप आला की निबंध आवडला, मुलाखत आहे, फोनवर, चित्रासकट. घरात आनंदीआनंद झाला. पोरगी हसत होती, पण माझ्यावर कोपर टेकून बसायची ती हनुवटी खाली घालून.

आता मुलाखत म्हणजे काय हे शकुबाईला कोणी नीट समजावलं नाही. चार मोठी माणसं आपल्या पोरीला पाहायला, प्रश्न विचारायला येणार, एवढं तिला कळलं. आणि पोरगी पाहायला माणसं आली की काय करायचं असतं, हे तिला कोणी शिकवायची गरज नव्हती. भिंत सारवली. शेजारून चार खुर्च्या आणल्या. माझ्यावर भरतकामाचं आच्छादन घातलं. अपेक्षाला साडी नेसवली. पोहे केले, चिवडा काढला.

"आजी, ते फोनमधून बोलतात. खात नाहीत," अपेक्षा म्हणाली.

"नाही खाल्लं तं पाह्यतीन," शकुबाई म्हणाली.

आणि पोरगी पाहताना बाप समोर बसलाच पाहिजे. तशी रीतच आहे. बाप नसला की लोक शंका घेतात. अपेक्षानं हात जोडून सांगितलं की बाबांना आत बसू दे. शकुबाई ऐकते होय? घनश्यामला पांढरी टोपी घालून तिनं पोरीच्या शेजारच्या खुर्चीत बसवलं. फोन माझ्यावर, तांब्याला टेकवून उभा केला.

पडद्यावर दोघं जण होते. एक गृहस्थ आणि सुमेधा मॅडम, ज्यांना मराठी येत होती. थोडा वेळ इंग्रजीत बोलणं झालं. मग मॅडम आजीकडं वळून मराठीत म्हणाल्या की तुमच्याबद्दल वाचून आम्हाला फार वाईट वाटलं.

"वाईट कायले?" शकुबाई म्हणाली.

मॅडम जरा गोंधळल्या. मग त्यांनी विचारलं की शेजारी बसलेले हे काका कोण.

घनश्यामनं टोपी सारखी केली आणि हात जोडले. "मी घनश्याम. पोरीचा बाप."

मॅडमनी हातातल्या कागदाकडं पाहिलं, मग घनश्यामकडं, मग पुन्हा कागदाकडं. अपेक्षाच्या मनात त्या क्षणी काय आलं असेल ते मी सांगू शकते, कारण तिचा पाय माझ्या पायडलवर होता. हे काका आहेत, मला बापाच्या जागी आहेत, असं म्हणायला एक वाक्य पुरलं असतं. कॉलेजचं दार उघडं राहिलं असतं. पायानं पायडल एकदा दाबलं, मग पाय थांबला.

"हे माझे बाबा आहेत," ती म्हणाली. "तो निबंध मी लिहिलेला नाही. पाठवल्यावर वाचला. तेव्हाच सांगायला हवं होतं, मी भ्याले. त्यातलं माझ्या घरचं काहीच खरं नाही."

काय लिहिलंय, शकुबाईनं विचारलं. अपेक्षानं सगळं सांगितलं, खाली न पाहता. घनश्याम उगाच आपल्या हातांकडं पाहत राहिला. शकुबाई खुर्ची ओढून फोनपुढं आली.

"बाई," ती म्हणाली, "माह्या जित्या पोराले कागदावर मारून तुमच्या कॉलेजचं दार उघडत असन, तं ते दार तुमालेच लखलाभ. पोरीनं लिवलेला कागद घरात हाय. तो वाचा आन मंग नाही म्हना. मले चालते." मग तिनं फोन आणि तांब्या उचलला, माझ्यावरचं आच्छादन खस्सकन ओढलं, फोन माझ्यापुढं धरला, चाकाला हात दिला आणि एका चिंधीवर वीतभर टीप घालून दाखवली. "आन हे मोडकी हाय म्हने. पाहा."

सुमेधा मॅडमनी टीप पाहिली. हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. दुसऱ्याच्या हातचा निबंध आला की अर्ज रद्द होतो, तसा नियमच आहे, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. दुसऱ्या फेरीत नव्यानं अर्ज करता येईल, पण जागा फार थोड्या उरतात, हेही सांगितलं. फोन बंद झाला. पोहे गार झाले होते.

सरांनी फोनवर पोरीलाच झापलं, हाताशी आलेली जागा मातीत घातली म्हणून. वामनराव सांत्वनाला येऊन गेले आणि जाता जाता दोन वेळा सांत्वन करून गेले. अपेक्षा माझ्यापाशी बसली आणि रेघ मारलेलं ते पान पुन्हा उतरवायला लागली. लिहून झालं की आजीला मराठीत वाचून दाखवायची. शकुबाई मधेच अडवायची, त्या गोदावरीची कंबर एवढी नव्हती, खोटं लिवू नको. मग पोरगी वही काढून माप पाहायची आणि दुरुस्त करायची. असं एकेक वाक्य तावून-सुलाखून निघालं. पुन्हा अर्ज, पुन्हा मुलाखत. या वेळी मॅडमनी फक्त वहीबद्दल विचारलं, पाऊण तास. मे महिन्यात पत्र आलं. अपेक्षाला घेतलं होतं.

इथं गोष्ट संपली असती तर मी शांतपणे निरोप घेतला असता. पण दारव्ह्याच्या बस स्टँडपुढं मोठा फ्लेक्स लागला. अर्ध्यात मधुसूदन सर, कोपऱ्यात अपेक्षा, आणि खाली मजकूर की वडिलांचे छत्र हरपलेल्या कन्येची आमच्या क्लासमुळे गगनभरारी. घनश्याम बाजाराला गेला तर एक व्यापारी त्याला पाहून दचकला.

दुसऱ्या दिवशी शकुबाई घनश्यामला घेऊन जिपेत बसली. पुढचं मी पाहिलं नाही, जिपेतल्या बायांनी येऊन सांगितलं. तिनं पोराला फ्लेक्सखाली उभं केलं आणि जमलेल्या लोकांना म्हणाली, "पाहून घ्या. हरपला तो हाच." लोक हसले. सर धावत आले आणि म्हणाले की काकू, मजकूर चुकून गेला.

"मानूस चुकून मरत नाही, मास्तर," शकुबाई म्हणाली. "कोनीतरी मारा लागते. सोडा दोरी."

सरांनी भर चौकात स्वतःच्या हातानं दोऱ्या सोडल्या. शकुबाईनं फ्लेक्सची गुंडाळी केली, काखेत मारली आणि घरी आली.

मित्रांनो, माझ्या म्हातारपणाला जपा असं मी म्हणणार नाही. आठवड्याला दोन थेंब तेल आणि वर्षाला नवा पट्टा, एवढं कोणत्याही कष्टाच्या वस्तूला द्या, ती तुमच्या नातवंडांपर्यंत चालेल. माझं मागणं दुसरंच आहे. तुमच्याबद्दल कोणी लिहून देतो म्हणाला, तर पाठवायच्या आधी तो कागद घरात मोठ्यानं वाचा. ज्याच्याबद्दल लिहिलं आहे त्याला समोर बसवा. त्याच्या तोंडाकडं पाहून जे वाक्य वाचता येत नाही, ते खोडून टाका, मग त्यानं कॉलेज मिळत असो की राज्य.

अपेक्षा जुलैत गेली. त्याच्या आदल्या आठवड्यात शकुबाईनं माझ्यात जाड सुई घातली आणि तो फ्लेक्स मधोमध कापून, कडा दुमडून शिवायला घेतला. दोन सुया मोडल्या, तिसरी टिकली. आता त्याचं दणकट झाकण झालं आहे, गुरांच्या कुटारावर, म्हणजे कोरड्या वैरणीवर, टाकायचं. सरांचा चेहरा खालच्या बाजूनं आहे. घनश्याम रोज सकाळी झाकण उचलतो, वैरण काढतो आणि पुन्हा झाकतो.